अरॅन्ससला आरव्हीत हिवाळा काढायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही दोघं डॅलसजवळ राहतो, वय ६१ आणि ५९, दोघंही अमेरिकन नागरिक. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. घर विकून आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घ्यायची आणि टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्ये (वन्यजीव अभयारण्यात) राहून पक्षी बघायचे, असं मनात आहे. तिथं खरंच राहू देतात का? कोणती आरव्ही घ्यावी? आपल्या स्वयंपाकाचं काय? आणि पक्षी बघायला वेळ उरतो का?"

राहू देतात, पण पाहुणे म्हणून नाही. नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज आणि नॅशनल पार्क यांत आपली मंडळी हमखास गल्लत करतात. पार्क माणसांसाठीही असतो, रेफ्यूज आधी प्राण्यापक्ष्यांसाठी असतं. १९९७च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या अरॅन्सस रेफ्यूजच्या हद्दीत लोकांसाठी कॅम्पिंग नाही. आत आरव्ही लावता येते ती फक्त निवासी स्वयंसेवक म्हणून. रेफ्यूज तुम्हाला पॅड (गाडी लावायची पक्की जागा), वीज, पाणी आणि सीवर (सांडपाण्याची जोडणी) देतं, तुम्ही त्यांना काम देता. साधारणपणे आठवड्याला माणशी २४ ते ३२ तास आणि निदान तीन महिन्यांची बांधिलकी. काही ठिकाणी जोडप्याचे तास मिळून धरतात, ते आधीच विचारून घ्या. अर्ज व्हॉलंटिअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर करायचा आणि शिवाय रेफ्यूजच्या स्वयंसेवक समन्वयकाला सरळ फोन करायचा. हिवाळ्याच्या जागांवर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून आदल्या वसंतातच हालचाल सुरू करा. उन्हाळ्यात जागा सहज मिळते. का मिळते ते तिथले डास सांगतील.

काम म्हणजे काय, हेही आधी ऐकून घ्या. व्हिजिटर सेंटरच्या काउंटरवर बसणं, गवत कापणं, पायवाटेवर आलेल्या फांद्या छाटणं, पाट्या रंगवणं, कचरा उचलणं आणि हो, शौचालयं साफ करणं. आयुष्यभर मॅनेजर म्हणून वावरलेल्या आपल्या काही लोकांना हे शेवटचं जड जातं. ज्यांना जातं त्यांनी या वाटेला जाऊ नये, इतकं सरळ सांगतो. पक्षीगणना, शाळेच्या मुलांना फिरवणं, पायातल्या रंगीत कड्या वाचून नोंदवणं ही गोड कामं मिळतात, पण आधी महिनाभर झाडू आणि बादली निमूट हाताळणाऱ्याला. भारतातून टूरिस्ट व्हिसावर आलेल्या नातेवाइकांना या कामात अजिबात ओढू नका. त्यांना पक्षी दाखवायला न्या, तेवढं पुरे.

आता खरा मुद्दा. आरव्ही घेणारे बहुतेक जण फिरण्याचा विचार करून घेतात: आज इथं, चार दिवसांनी तिथं. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर उलटा विचार करा. पूर्ण हिवाळा एकाच जागी थांबायचं, आणि गाडी, सामान, स्वयंपाक, सगळं त्या थांबण्याच्या हिशोबानं ठरवायचं. चार दिवसांत जातींची यादी होते. तीन महिन्यांत एका खाजणाची ओळख होते, आणि तिची मजा यादीत नाही.

अरॅन्ससचंच बघा. ३१ डिसेंबर १९३७ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आदेशानं हे रेफ्यूज झालं. इथं हिवाळ्याला येणारा व्हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच पक्षी, जवळजवळ पाच फूट, पांढराशुभ्र, पंखांची टोकं काळी, डोक्यावर लाल टोपी. गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत सारस पाहिला असेल तर नात्यातलाच म्हणून लगेच ओळखाल. १९४१च्या हिवाळ्यात या भागात जेमतेम पंधरा-सोळा पक्षी उरले होते. ते घरटी कुठं करतात हेसुद्धा १९५४पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. मग कॅनडातल्या वूड बफेलो नॅशनल पार्कमध्ये, वणव्याच्या पाहणीला गेलेल्या हेलिकॉप्टरमधून ते दिसले. म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास, जाताना एकदा आणि येताना एकदा. आज हा थवा पाचशेच्या वर गेला आहे. हे सगळे त्या मूठभर पक्ष्यांचे वंशज.

ऑक्टोबरच्या शेवटापासून ते येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जोडपं दरवर्षी बहुधा त्याच खाजणाच्या तुकड्यावर उतरतं आणि तो तुकडा इतरांपासून राखतं. म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही एक कुटुंब बघितलं, आई, बाप आणि तांबूस-तपकिरी डागांचं पिल्लू, तर फेब्रुवारीतही तेच कुटुंब तिथंच भेटतं. तेवढ्यात पिल्लू पांढरं होत जातं. अंडी सहसा दोन असतात, पण बहुधा एकच पिल्लू इथवर पोचतं. दोन पिल्लं घेऊन आलेली जोडी दिसली तर काउंटरवरचे म्हातारे स्वयंसेवक दिवसभर त्याच गप्पा मारतात.

खाताना बघा. निळा खेकडा सापडला की लहान असेल तर थेट गिळतात. मोठा असेल तर त्याला चोचीत धरून कोरड्या कडेला आणतात, आपटून-झटकून नांग्या सोडवतात, मग चोचीनं कवच फोडून आतलं ओढतात. पिल्लू मान पुढे करून जवळ उभं असतं, आणि आई-बाप मऊ तुकडा त्याच्या चोचीत देतात. जानेवारीतही पिल्लू अधूनमधून स्वतः खेकडा पकडायला जातं आणि पकडलेला सोडून देतं, कारण नांगीचं काय करायचं ते अजून जमलेलं नसतं. हे सगळं स्कोपमधून (ट्रायपॉडवरच्या एकनळी दुर्बिणीतून) अर्धा तास न हलता बघितलं तरच दिसतं. डे-ट्रिपवाले तेवढ्यात फोटो काढून गेलेले असतात.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खाजणातल्या वुल्फबेरीच्या झुडपांना लाल फळं येतात, तीही ते मटकावतात. खेकडे कमी झाले की मामला बिघडतो. ग्वादालूपे आणि सॅन अँटोनियो या नद्यांतून खाडीत गोडं पाणी कमी आलं की खारेपणा वाढतो आणि खेकडे घटतात. खाजणाचं पाणी फार खारट झालं की क्रेनना रोज पिण्यासाठी आत गोड्या तळ्यांवर उडून जावं लागतं. २००८-०९च्या दुष्काळी हिवाळ्यात अंदाजे २३ पक्षी गेले, आणि नद्यांतून किती पाणी उचलू द्यायचं यावरून कोर्टकचेरी झाली. खालच्या कोर्टात २०१३ साली पक्षीप्रेमी जिंकले, वरच्या कोर्टात पुढच्याच वर्षी हरले. म्हणून तिथं नियमितपणे पक्षी मोजणारा माणूस आधी पावसाची आणि नदीची चौकशी करतो. तुम्हीही करा. दुष्काळी वर्षी गोड्या तळ्यांजवळ बसा, क्रेन तिथंच येणार. रेफ्यूजनं ओकच्या रानात मुद्दाम लावलेली आग विझली की दुसऱ्या दिवशीच ते भाजलेली ओकची फळं म्हणजे अ‍ॅकॉर्न टिपायला हजर होतात. आग कधी लावणार आहेत हे तुम्हाला कॉफीच्या वेळी कळतं. आत राहण्याचा हा मोठा फायदा.

किनाऱ्यावरच्या चिखलपक्ष्यांबद्दल एक गोष्ट, कारण भारतातून शिकून आलेले इथं हमखास फसतात. ठाणे खाडीला किंवा शिवडीला रोहित बघायला जाताना आपण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघतो. टेक्सासच्या खाड्यांत भरतीचा चढउतार फारच थोडा. इथं पाणी वारा हलवतो. उत्तरेचा वारा सुटला की खाडीतलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि मैलभर चिखल उघडा पडतो. आग्नेयेचा वारा लागला की तोच चिखल पुन्हा पाण्याखाली. त्यातून जानेवारी-फेब्रुवारीत एकंदरच पाणी उतरलेलं असतं. म्हणून भरतीचं कोष्टक बाजूला ठेवून वाऱ्याचा अंदाज बघा. नॉर्दर (उत्तरेकडून येणारी थंड वाऱ्याची लाट) येऊन गेल्यावरची, वारा पडलेली, ऊन असलेली सकाळ ही सोन्यासारखी. डाउविचर चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी सरळ खाली-वर करतात, डनलिन पळत-पळत टोचतात, आणि मधेच रेडिश इग्रेट हा बगळा पंख पसरून, धडपडत, दारू प्यायल्यासारखा नाचत माशांना गोंधळवतो. चिखल्या आणि तुतवार ओळखताना रंगापेक्षा खाण्याची पद्धत बघा. हिवाळ्यात रंग सगळ्यांचाच राखाडी असतो.

काळ्या टोकांचे पांढरे पंख दिसले की लगेच "क्रेन!" म्हणून ओरडू नका. पांढरा पाणकोळी (पेलिकन), स्नो गूज आणि वुड स्टॉर्क, तिघांचेही पंख तसेच. क्रेनची मान उडताना सरळ पुढे, पाय सरळ मागे. पाणकोळी मान आखडून घेतो. गूजचे पाय शेपटीबाहेर येत नाहीत. स्टॉर्कची पूर्ण मागची कड काळी असते.

दुर्बीण ८ गुणिले ४२ची पुरते. स्कोप मात्र हवाच, ८० मिलिमीटरच्या आसपासचा, आणि स्कोपपेक्षा ट्रायपॉडवर पैसे घाला, कारण वारा सतत असतो. निरीक्षण मनोऱ्यावरून क्रेन बरेचदा दूर असतात आणि दहा वाजले की हवा थरथरू लागते. जवळून बघायचे तर रॉकपोर्ट-फुल्टनहून बोटी जातात. किंवा लामार गावातल्या खासगी कुरणांत ते चरताना रस्त्याच्या कडेवरून, गाडीत बसून दिसतात. गाडीतून उतरू नका. पक्ष्यानं खाणं थांबवून मान वर केली की तुम्ही जास्त जवळ आहात, एवढं सोपं माप. लेन्सवर मिठाचा थर बसतो; तो कोरड्या फडक्यानं कधीच पुसायचा नाही, आधी फुंकणी, मग पाण्यानं ओलं केलेलं फडकं. आणि जमिनीवर पडलेलं पीस कितीही सुंदर असलं तरी उचलायचं नाही. १९१८चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा पिसालाही लागू आहे. नातवंडांना हे पटवणं अवघड जातं, पण तुम्ही तिथं सरकारचा शर्ट घालून उभे असता.

एक धक्का आधीच सांगून ठेवतो: रेफ्यूजमध्ये शिकार चालते, ठरलेल्या दिवशी, परवान्यानं. हरणं, रानडुकरं, बदकं. पहिल्यांदा बंदुका घेतलेले लोक दिसले की आपलं काळीज हलतं. पण १९३४पासून बदकांच्या शिकाऱ्यांना जो डक स्टॅम्प घ्यावा लागतो, त्याच्या २५ डॉलरमधला बहुतेक पैसा पाणथळ जमीन विकत घेण्यात जातो, आणि देशातल्या कितीतरी रेफ्यूजची जमीन त्यातून आली आहे. मी दरवर्षी घेतो, बंदूक न घेता. तो दाखवला की प्रवेशशुल्क असलेल्या कुठल्याही रेफ्यूजमध्ये फुकट प्रवेश मिळतो. तुमच्यापैकी एक जण पुढच्या वर्षी ६२चा होईल, तेव्हा आयुष्यभराचा सीनिअर पास ८० डॉलरला घेऊन टाका. शिवाय २५० तास सेवा झाली की स्वयंसेवकाला वर्षाचा पास मोफत असतो. तीन महिन्यांत तेवढे तास सहज भरतात.

आता गाडी. थांबायचं आहे, म्हणून फार मोठं मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही) घेऊ नका. इंजिन महिनोन्महिने उभं राहिलं की उंदीर वायरी कुरतडतात, आणि दूध आणायला जायला वेगळी कार लागतेच. माझं मत २८ ते ३२ फुटांची फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात अडकवून ओढायची) किंवा ट्रॅव्हल ट्रेलर आणि ओढायला पिकअप. पिकअप मोकळा राहतो, तोच तुमचा पक्षी बघायचा आडोसा. विजेचं नीट समजून घ्या: ३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट, ५० अँपिअरचं म्हणजे १२० व्होल्टच्या दोन लाइनी मिळून १२,००० वॉट. ३०वर हीटर, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडणार. पॅडवरच्या विजेच्या खांबाला लावायचा सर्ज प्रोटेक्टर आधी घ्या, बाकीची हौस नंतर. खांबाच्या पेटीचं झाकण उघडताना हात घालायच्या आधी बघा, आत फायर अँट्सची (कडकडून चावणाऱ्या लाल मुंग्यांची) वसाहत असू शकते.

खारी हवा गाडी खाते. चासी, स्क्रू, दिव्यांची कनेक्शनं, पायऱ्यांचे सांधे. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं खालून धुवा, कनेक्शनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. आत दमट हवेनं खिडक्यांना पाणी सुटतं आणि कपाटात बुरशी येते. छोटा डीह्युमिडिफायर चालूच ठेवायचा. टायर उभ्याउभ्या भेगाळतात, नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांनी बदलायचे. १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा मोसम. २५ ऑगस्ट २०१७ला हार्वे वादळ रॉकपोर्टजवळच किनाऱ्यावर आदळलं होतं. म्हणजे तुम्ही ऑक्टोबरात पोचलात तरी "निघा" म्हटल्यावर तासाभरात निघता येईल अशी गाडी हवी. बाहेर मांडलेला संसार कमी ठेवा. ऑनिंग (गाडीच्या बाजूचं गुंडाळायचं कापडी छत) उघडी टाकून झोपू नका.

नॉर्दर आला की दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि रात्री गारठा. पाण्याची नळी गोठण्याचा अंदाज असेल तर संध्याकाळीच ती काढून रिकामी करा, टाकी भरून घ्या आणि रात्र गाडीतल्याच टाकीवर आणि पाण्याच्या पंपावर काढा. फेब्रुवारी २०२१च्या कडाक्याच्या थंडीत याच किनाऱ्यावर हजारो समुद्री कासवं थंडीनं बधिर होऊन तरंगत आली होती, आणि लोकांनी ती पिकअपमध्ये भरभरून वाचवली. आरव्हीवाल्यांचे पाइप मात्र कुणी वाचवले नाहीत.

टाक्यांबद्दल लोक लाजतात, म्हणून मीच बोलतो. काळ्या टाकीचा, म्हणजे शौचालयाच्या मैल्याच्या टाकीचा, व्हॉल्व्ह सीवरला जोडलेला असला तरी बंद ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घन भाग तळाशी वाळून बसतो, मग तो काही केल्या निघत नाही. दोन-तृतीयांश भरली की आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे सिंक-न्हाणीच्या पाण्याची; तिच्या साबणाच्या पाण्यानं नळीही धुतली जाते. हे काम दोघांनाही आलं पाहिजे. "ते हेच बघतात" असं म्हणणाऱ्या वहिनींना, हे आजारी पडले की मग कळतं.

स्वयंपाक. आरव्हीत फोडणी म्हणजे स्मोक अलार्मला आमंत्रण. मोहरी तडतडेपर्यंत ठीक, हिंग-मिरची पडली की तो कोकलतो, आणि शांत रेफ्यूजमध्ये त्याचा आवाज चारी पॅडवर जातो. अलार्म काढून ठेवू नका, घर गॅसवर चालतं तुमचं. त्यापेक्षा बाहेरच्या टेबलावर इंडक्शन ठेवून आठवड्याची फोडणी एकदम करा, तेलासकट बरणीत भरा, आमटीत चमचाभर घाला. मासेही बाहेरच तळा, पण डबा तसाच टाकून जाऊ नका, रकून वाट बघत असतात. भाकरी आत भाजली की खिडक्या घामेजतात, छताचा पंखा लावून भाजायची. तेलकट कढई कागदानं पुसल्याशिवाय धुवायची नाही, बेसन आणि चहाचा चोथा सिंकमध्ये नाही. करडी टाकी तुंबते ती यामुळेच. पोहे, रवा, पिठं घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये. डाळ-तांदूळ रॉकपोर्टच्या एच-ई-बी या किराणा दुकानात मिळतात. नाचणी, गोडा मसाला, कोकम यांसाठी ह्यूस्टन, म्हणजे गाडीनं अडीच-तीन तास. तेव्हा सामान ऑक्टोबरातच भरून न्या.

वेळ उरतो का? आठवड्याचे तीन-चार दिवस काम आणि बाकीचे मोकळे, शिवाय कामाच्या दिवशीही गेट उघडण्याआधीची सकाळ तुमची. बाहेरचा माणूस सूर्योदयाला गेटबाहेर गाडी लावून बसलेला असतो, तेव्हा तुम्ही आत असता. एप्रिलपर्यंत थांबता आलं तर उत्तरेला हाय आयलंडला चार दिवस जाऊन या. मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडून आलेले वॉर्बलर हे इवलेसे पक्षी, पाऊस आणि उत्तरेचा वारा आडवा आला की तिथल्या झाडांवर कोसळतात. दक्षिणेला लगूना अटास्कोसाचं रेफ्यूजही बघा. ग्रीन जे, चाचालाका, हिवाळ्यात लगूना माद्रेवर रेडहेड बदकांचे काळे पट्टे. आणि झुडपांतून समोर येईल तो चक्क आपला रोही, नीलगाय. गेल्या शतकात किंग रँचनं शिकारीसाठी आणून सोडला, तो आता हजारोंनी झालाय आणि तिथल्या लोकांना डोईजड झालाय. विदर्भातल्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही.

घर इतक्यात विकू नका. आधी जानेवारीत आरव्ही भाड्यानं घेऊन गूज आयलंड स्टेट पार्कमध्ये दोन आठवडे राहा. तिथं वीज-पाण्याच्या जागा आहेत आणि मुक्कामाची मर्यादा १४ दिवसांची आहे. तेवढ्यात दोघांना एकमेकांचं घोरणं, टाकी आणि वारा झेपतो का ते कळेल. तिथून अरॅन्सस गाडीनं पाऊण तासावर. जाऊन समन्वयकाला प्रत्यक्ष भेटा. पॅड किती फुटांचं, वीज ३० की ५०, मोबाइलला सिग्नल कुठं येतो आणि जवळचं हॉस्पिटल किती लांब, एवढं विचारा. तुमच्यापैकी कुणाला रक्तदाब किंवा साखर असेल तर हा शेवटचा प्रश्न सर्वांत आधी.